मुका सिनेमा, बोलका विनोद

आमच्या घरी टीव्ही लागला की आमचे वडील, ज्यांना आम्ही आबा म्हणतो, हळूच उठतात आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसतात. त्यांना टीव्हीचा राग नाही. त्यांना ऐकू येत नाही, इतकेच. १९८२ च्या संपापर्यंत ते मुंबईच्या एका गिरणीत त्रासनखात्यात होते. चौदा वर्षे चात्यांच्या घरघरीत गेली आणि त्या घरघरीने त्यांचे कान नेले. आम्ही कानाला लावायचे मशीन आणून दिले होते. त्यातून माणसाच्या बोलण्यापेक्षा शिट्टीच जास्त ऐकू येते म्हणून ते कपाटात पडून आहे. घरातली सगळी माणसे टीव्हीपुढे खो-खो हसत आहेत आणि एक माणूस सगळ्यांच्या तोंडाकडे पाहत बसला आहे, हे दृश्य कोणाला बरे वाटेल? आबांनाही ते बरे वाटत नसावे. म्हणून ते ओट्यावर जातात.

मागच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या वस्तीतील समाजमंदिरात मुलांसाठी रविवारी संध्याकाळी सिनेमा दाखवायचे ठरले. एका शिक्षक मित्राने प्रोजेक्टर दिला, पडद्याच्या जागी पांढरी चादर बांधली. पहिल्याच रविवारी स्पीकर बंद पडला. शंभरेक मुले, त्यांच्या आया, आज्या बसलेल्या आणि आवाज नाही! आता काय करावे? तेव्हा त्या मित्रानेच सुचवले की ज्या सिनेमाला आवाज मुळातच नाही, तोच लावू. त्याच्या संगणकात चार्ली चॅप्लिनचा ‘द इमिग्रंट’ होता. १९१७ सालचा, जेमतेम वीस-पंचवीस मिनिटांचा. आम्ही मनात म्हटले, आजकालची मुले हा काळा-पांढरा मुका सिनेमा पाच मिनिटे तरी पाहतील का?

सिनेमा सुरू झाला. एक जहाज समुद्रात डोलत आहे. अमेरिकेला निघालेली गोरगरीब माणसे डेकवर दाटीवाटीने पडली आहेत, बोट लागल्याने बेजार झाली आहेत. चार्ली जहाजाच्या कठड्यावरून पार खाली वाकला आहे. त्याची पाठ आपल्याकडे. खांदे हलत आहेत, पाय झाडत आहेत. बिचाऱ्याला उलट्या होत आहेत असे पाहणारा धरून चालतो. इतक्यात तो वळतो, आणि त्याच्या हातात गळाला लागलेला ताजा मासा! चेहऱ्यावर असा आनंद की जणू बाजारातून घासाघीस करून स्वस्तात आणला आहे.

सभागृहात पहिले हसू फुटले ते मागच्या बाकावरून. आम्ही वळून पाहिले. आबा होते. मुलांच्या आधी हसले होते.

त्या दिवसापासून हा विषय आमच्या डोक्यात बसला. एक शब्द न बोलता माणूस माणसाला हसवतो कसा? आम्ही काही सिनेमाचे जाणकार नाही. दिवसभर कचेरीत फायली आणि बेरजा-वजाबाक्या करणारा माणूस. पण तीन महिने दर रविवारी हे छोटे मूकपट मुलांबरोबर पाहिले, काही घरी पुन:पुन्हा पाहिले, आणि त्यातले काही गणित उलगडले. ते वाचकांपुढे ठेवावे म्हणून हा प्रपंच.

त्या माशाचेच पाहा. विनोद मासा पकडण्यात नाही. मासे तर कोळी रोज पकडतो, त्याला कोण हसते? विनोद आहे पाठीत. पाठ हलताना पाहून आपण एक अर्थ लावला. तो चूक होता. हालचाल तीच, पण चार्ली वळला आणि अर्थ बदलला. आपण फसलो, आणि फसलो म्हणून हसलो. हे बोलपटात शब्दांवर होते, एका शब्दाचे दोन अर्थ काढून विनोद करतात तसे. मूकपटात हा श्लेष शरीरावर होतो. आणि त्यासाठी कॅमेरा कुठे ठेवायचा हे आधी ठरवावे लागते. तोच प्रसंग समुद्राच्या बाजूने टिपला असता तर गळ आणि मासा आधीच दिसला असता आणि सगळा विनोद पाण्यात गेला असता.

सिनेमाचा पहिला विनोदसुद्धा असाच पाण्याचा होता. २८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसमध्ये ल्युमिए बंधूंनी तिकीट लावून जे चित्रपट दाखवले, त्यात एक मिनिटभराचाही नाही असा एक चित्रपट होता. माळी नळीने झाडांना पाणी घालतो आहे. एक पोरगा मागून येतो आणि नळीवर पाय देतो. पाणी थांबते. माळी नळीचे तोंड डोळ्यासमोर धरून पाहतो. पोरगा पाय काढतो. पुढे काय होते ते सांगायला नको. (ल्युमिएंचे चित्रपट दुसऱ्याच वर्षी, ७ जुलै १८९६ ला, आपल्या मुंबईत वॉटसन हॉटेलात दाखवले गेले. तो भारतातला पहिला सिनेमा.) त्या माळ्याच्या चित्रपटात गंमत कशाची? पोराचा पाय आपल्याला दिसतो, माळ्याला दिसत नाही. आपल्याला माहीत आहे आणि त्याला माहीत नाही. म्हणजे माशाच्या उलट. तिथे आपण फसलो, इथे तो फसतो आणि आपण फसवणाऱ्याच्या बाजूला असतो. मूकपटातला निम्मा विनोद या दोन टोकांमध्ये आहे. कोणाला काय दिसते, आणि कोणाला काय दिसत नाही.

‘द इमिग्रंट’मध्ये पुढे एक प्रसंग आहे तो याच गणिताचा, पण तिथे आमचे हसू अर्ध्यावर अडकले. जहाजावर एक मुलगी आणि तिची आजारी आई आहे. त्यांचे पैसे एका जुगाऱ्याने चोरलेले असतात. चार्ली पत्त्यांच्या डावात पैसे जिंकतो आणि रडत बसलेल्या त्या मुलीच्या खिशात मागून गुपचूप टाकतो. टाकतो खरा, पण मग त्याच्या मनात येते की आपल्यालाही काही लागेल. तो पुन्हा खिशात हात घालून थोडे परत काढतो. नेमके त्याच वेळी जहाजाचा अधिकारी पाहतो आणि चार्लीला चोर म्हणून धरतो. आपल्याला पहिला हात दिसला होता. अधिकाऱ्याला दुसराच हात दिसला. गरीब माणसाचा हात खिशात दिसला की तो चोरीच करत असणार, हा हिशेब त्याच्या डोक्यात आधीच तयार होता. आमच्या शेजारी बसलेला दहावीचा मुलगा चटकन म्हणाला, “दादा, असंच होतं ना!” त्याला मॉलच्या दारात सुरक्षारक्षकाने दप्तर उघडायला लावले होते, बाकीच्यांना सोडून. आम्ही काय उत्तर देणार? पडद्यावर तोवर मुलीला खिशात पैसे सापडले होते आणि अधिकारी ओशाळला होता. तेवढे तरी सिनेमात होते.

मग जहाजातून न्यूयॉर्कचा स्वातंत्र्यदेवीचा पुतळा दिसतो. सगळे डोळे भरून पाहतात. आणि लगेच अधिकारी येऊन एक दोर आडवा लावतात व सगळ्यांना गुरांसारखे मागे रेटतात. चार्ली दोराकडे पाहतो. मग पुन्हा पुतळ्याकडे पाहतो. बस्स, एवढेच. यात एक शब्द नाही, कोणी भाषण केलेले नाही. पण त्या मान वळवण्यात एका देशाची सगळी बढाई मोजून घेतली आहे. पाठोपाठ संधी साधून तो त्या अधिकाऱ्याच्या पार्श्वभागी लाथ घालतो आणि साळसूद उभा राहतो, तेव्हा समाजमंदिर डोक्यावर घेतले मुलांनी. अमेरिकेला ही लाथ लागली मात्र जोरात. १९५२ मध्ये चॅप्लिन लंडनला निघालेला असताना त्याचा अमेरिकेत परत येण्याचा परवाना रद्द झाला. त्याला देशद्रोही ठरवणाऱ्यांनी पस्तीस वर्षांपूर्वीची ही लाथही उकरून काढली होती.

चॅप्लिनला हे कुठून सुचत असेल, याचे उत्तर त्याच्या लहानपणात आहे. १८८९ साली लंडनमध्ये जन्म. वडील गाणारे, दारूपायी १९०१ मध्ये गेले. आई रंगमंचावर काम करायची. तिचा आवाज गेला, पुढे मन बिघडले आणि तिला वेड्यांच्या इस्पितळात ठेवावे लागले. चार्ली सात वर्षांचा असताना त्याला आणि थोरल्या भावाला अनाथ-गरिबांच्या सरकारी आश्रयघरात राहावे लागले. पण हीच आई खिडकीत बसून रस्त्याने जाणाऱ्या माणसांच्या नकला मुलांना करून दाखवायची. माणूस कसा चालतो, त्यावरून आज त्याच्या घरी काय घडले असेल हे सांगायची. माणसाकडे पाहायला आपण तिच्याकडून शिकलो, असे चॅप्लिनने म्हटले आहे. म्हणजे शाळा खिडकीत भरत होती.

आता घड्याळाची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १९१६ सालच्या ‘द पॉनशॉप’मध्ये चार्ली सावकाराच्या गहाणवटीच्या दुकानात नोकर आहे. एक गरीब गिऱ्हाईक गजराचे घड्याळ गहाण टाकायला आणते. चार्ली घड्याळ हातात घेतो आणि डॉक्टरची नळी लावून त्याची छाती तपासतो. बोटांनी ठोकून पाहतो. मग डबा उघडायच्या कटरने मागचे झाकण कापतो आणि नाक जवळ नेऊन वास घेतो, चेहरा असा की आतला माल खराब झाला आहे. दाताच्या डॉक्टरसारखा चिमट्याने एक भाग उपटतो. आतली स्प्रिंग बाहेर ओढून कापडवाल्यासारखी हातभर मोजतो. सगळा ऐवज काउंटरवर पसरतो तेव्हा चाके-स्प्रिंगा किड्यांसारख्या वळवळायला लागतात, तर हा त्यांच्यावर तेल मारतो. शेवटी सगळे गोळा करून गिऱ्हाइकाच्या टोपीत भरतो आणि मान हलवतो. म्हणजे, नाही चालणार.

एकाच घड्याळाचे त्याने रोगी, डबा, दात, फीत आणि किडे करून दाखवले. लहान मुले हेच तर करतात. काडेपेटीची आगगाडी, चपलेचा फोन. पण चॅप्लिनचे वैशिष्ट्य हे की वस्तूत काही बदल होत नाही, बदल त्याच्या हातात होतो. हात डॉक्टरचा झाला की घड्याळ रोगी होते. आम्ही हा प्रसंग सातव्यांदा पाहिला तेव्हा आमचे लक्ष चार्लीवरून उडून त्या गिऱ्हाइकाकडे गेले. तो माणूस सगळा वेळ गुमान उभा आहे. त्याच्या डोळ्यांदेखत त्याचे चालू घड्याळ मोडले जाते आणि तो आधी विश्वासाने, मग चिंतेने पाहत राहतो. कारण काउंटरच्या पलीकडचा माणूस जाणकार, त्याला कसे अडवायचे? वाचकहो, आम्ही स्वत: काउंटरच्या पलीकडे बसणारे कारकून आहोत. अर्ज घेऊन आलेल्या माणसाचा तो चेहरा आम्ही रोज पाहतो. आपला कागद पुरा होता, यांनी तपासता तपासता तो अपुरा कसा झाला, हे त्याला कळत नाही. त्या दिवशी आम्ही हसलो, पण जरा खालच्या मानेने.

‘द इमिग्रंट’च्या उत्तरार्धात खानावळ आहे. चार्लीला रस्त्यात एक नाणे सापडते, त्याच्या जोरावर तो आत जाऊन जेवायला बसतो. तिथे तीच जहाजावरची मुलगी भेटते. तिच्या हातात काळ्या काठाचा रुमाल दिसतो आणि चार्लीला, आणि आपल्याला, कळते की तिची आई गेली. एवढ्या हसण्याच्या मध्यात एका रुमालाने मरण सांगितले. आमच्या आईच्या वयाच्या एक मावशी हळूच म्हणाल्या, “गेली गं बाई.” त्यांना अक्षर वाचता येत नाही. पडद्यावर मधूनमधून इंग्रजी पाट्या येतात त्या तर आम्हालाच वाचून दाखवाव्या लागत होत्या. रुमाल त्यांना कोणी वाचून दाखवला नाही.

मग त्या खानावळीत दहा सेंट कमी पडले म्हणून एका गिऱ्हाइकाला वाढपी बेदम मारतात. चार्ली घाबरून खिसा चाचपतो, तर खिशाला भोक! नाणे केव्हाच गळून पडले. ते एका दुसऱ्या फाटक्या माणसाला सापडते, तो ते वाढप्याला देतो, आणि वाढप्याच्याही खिशाला भोक. नाणे पुन्हा जमिनीवर. चार्ली त्यावर पाय ठेवतो. आता नाणे उचलायचे, पण वाढपी समोर. हा अवाढव्य वाढपी म्हणजे एरिक कॅम्पबेल. अंगाने दुप्पट, भुवया रंगवून आभाळाला लावलेल्या. जीवघेण्या खटपटीनंतर नाणे हाती लागते, चार्ली ऐटीत बिल मागतो, वाढपी नाणे दाताखाली धरतो आणि ते वाकते. खोटे!

एका नाण्यावर हा सगळा खेळ चालतो. आपण मात्र ते नाणे क्षणभर नजरेआड होऊ देत नाही, कारण ज्याने कधी हॉटेलात बसून खिशातले पैसे टेबलाखाली मोजले आहेत त्याला त्या नाण्याची किंमत कळते. श्रीमंत माणसाला हा विनोद कळत असेल का, अशी आम्हाला शंका आहे. पुढे एक चित्रकार दोघांचेही पैसे द्यायला निघतो तेव्हा चार्ली रीतीप्रमाणे नको नको म्हणतो. चित्रकार आग्रह करतो, हा पुन्हा नको म्हणतो. एकदाच जास्त नको म्हणतो, आणि चित्रकार आग्रह सोडतो. चार्लीचा तो क्षणाचा चेहरा! आमच्याकडे पाहुण्याने जेवायला ‘नको, आत्ताच जेवून आलो’ म्हणावे आणि यजमानाने ते खरे मानावे, तसे झाले. अखेर चित्रकाराने ताटलीत ठेवलेल्या बक्षिशीतूनच तो आपले बिल भागवतो.

या सिनेमाची मूळ गोष्ट खानावळीचीच होती. जहाजाचा भाग चॅप्लिनने नंतर सुचून जोडला. वाढप्याचे काम आधी हेन्री बर्गमन करत होता. ते जमेना, तेव्हा कॅम्पबेलला आणले आणि बर्गमनला चित्रकार केले. हे आपल्याला कळते ते केव्हिन ब्राउनलो आणि डेव्हिड गिल यांनी १९८३ साली चॅप्लिनची न वापरलेली फिल्म शोधून जो माहितीपट केला त्यामुळे. सांगायची गोष्ट ही की तो सहज केल्यासारखा दिसणारा विनोद शेकडो वेळा करून, टाकून, पुन्हा करून झालेला आहे. बर्गमन वाईट नट नव्हता. पण नाण्यामागची भीती खरी वाटायला समोर कॅम्पबेलएवढे धूड हवे होते.

चार्लीच्या विनोदात माणूस वस्तूंना वाकवतो. बस्टर कीटनच्या विनोदात वस्तू माणसाला वाकवतात, आणि तो वाकून उभा राहतो. कीटन लहानपणापासून आई-बापाबरोबर रंगमंचावर काम करायचा. बाप त्याला उचलून इकडून तिकडे फेकायचा. पडल्यावर आपण हसलो तर लोक कमी हसतात, हे त्याला तेव्हाच उमगले, आणि त्याने चेहरा दगडासारखा ठेवला तो कायमचा. १९२० सालच्या ‘वन वीक’मध्ये एका नवविवाहित जोडप्याला भेट म्हणून सुट्या भागांचे घर मिळते. खोक्यांवर नंबर आहेत, नंबराप्रमाणे जोडत जायचे. मुलीने नाकारलेला एक जण येऊन खोक्यांवरचे नंबर बदलतो. सात दिवसांत जे घर उभे राहते ते तिरके-वाकडे, दार भलतीकडे. एक नंबर चुकला की माणसाच्या घराचे काय होते, हे कचेरीतल्या माणसाला आणि झोपडपट्टी पुनर्वसनाच्या यादीत नाव शोधणाऱ्याला वेगळे सांगायला नको! वादळात ते घर फिरत्या चक्रासारखे गरगर फिरते आणि आतले पाहुणे दारातून बाहेर फेकले जातात. मुले पोट धरून हसली. आणि एवढे झाल्यावर कळते की घर बांधले तेच चुकीच्या प्लॉटवर. पाटी उलटी वाचली होती.

मग ते घर ओढत नेताना रेल्वेच्या रुळावर अडकते. समोरून गाडी येते. दोघे जिवाचे रान करतात, घर हलत नाही. शेवटी डोळे झाकून उभे राहतात. गाडी येते आणि बाजूच्या रुळावरून निघून जाते. दूरवरून दोन रूळ आपल्याला एकच वाटले होते. दोघे हुश्श करतात, आपणही हुश्श करतो, आणि उलट बाजूने दुसरी गाडी येऊन घराचा चुराडा करून जाते. तिची चाहूल आपल्याला लागत नाही, कारण ती चौकटीच्या बाहेर होती, आणि मूकपट असल्याने शिट्टीही नाही. बोलपटात हा विनोद जमलाच नसता! आवाज नसणे ही उणीव म्हणून आपण समजतो. इथे त्याच उणिवेवर सगळी इमारत उभी आहे, म्हणजे पाडली आहे. कीटन काय करतो? ढिगाऱ्यावर ‘विकणे आहे’ अशी पाटी लावतो, घर जोडायच्या सूचनांचा कागदही तिला लावून ठेवतो आणि बायकोचा हात धरून चालू लागतो.

लॉरेल आणि हार्डी, म्हणजे आपले जाड्या-रड्या, यांच्या १९२९ सालच्या ‘बिग बिझनेस’बद्दल फार लिहीत नाही. नाताळची झाडे विकायला गेलेले हे दोघे आणि झाड नको म्हणणारा घरमालक यांचे भांडण होते. तो यांची मोटार मोडतो, हे त्याचे घर मोडतात. मजा ही की कोणीही घाई करत नाही. एक मोडत असताना दुसरा शांत उभा राहून पाहतो, आपली पाळी यायची वाट पाहतो. पोलीसही गाडीत बसून वहीत टिपण करत राहतो. नळावरची भांडणे ज्यांनी पाहिली आहेत त्यांनी हा सिनेमा जरूर पाहावा.

पण सगळेच गोड नव्हते. एका रविवारी आम्ही चॅप्लिनचा ‘वन ए.एम.’ लावला. १९१६ चा. एक श्रीमंत माणूस रात्री दारू पिऊन घरी येतो आणि त्याला आपल्याच घरात जिना चढता येत नाही, पलंगावर झोपता येत नाही. जवळजवळ सगळा सिनेमा चार्ली एकटाच. कसब म्हणाल तर अजोड आहे. मुले हसत होती. बायका हसत नव्हत्या. दहा मिनिटांनी महिला मंडळाच्या दोघी-तिघी उठून गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यातल्या एका ताईंना विचारले तर म्हणाल्या, “भाऊ, तो जिन्यावरून पडतो तेव्हा तुम्हाला हसू येतं. आम्हाला पुढचं दिसतं. तो वर पोचल्यावर काय करेल ते.” आम्ही निरुत्तर झालो. पडद्यावरच्या त्या घरात बायको दाखवलेलीच नाही, म्हणून तो विनोद होऊ शकतो. ज्याचा बाप दारूने गेला त्यानेच तो केला, याचे काय करायचे ते आम्हाला अजून उमगलेले नाही.

आणखी एक. या जुन्या चित्रपटांत काळ्या लोकांची टवाळी ठिकठिकाणी आहे. कीटनच्या १९२१ च्या ‘द प्लेहाउस’मध्ये तो तोंडाला काळे फासून नाचगाणे करणारा होतो. तेव्हाच्या अमेरिकन रंगमंचावर हा सर्रास प्रकार होता. तंत्र म्हणून तो चित्रपट थक्क करणारा आहे, एकाच चौकटीत नऊ-नऊ कीटन दिसतात. तरी आम्ही तो मुलांना लावला नाही. कोणाच्या तरी कातडीला हसवण्याचे साधन करायचे, हा विनोद आपल्या लोकांना कोणी समजावून सांगावा लागत नाही. काही मित्रांचे म्हणणे पडले की दाखवावा आणि मग बोलावे. त्यांचेही बरोबर असेल. मोठ्या मुलांसाठी वेगळा रविवार ठेवू, असे तूर्त ठरले आहे.

घरी पाहणाऱ्यांसाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी. हे चित्रपट आज फोनवर फुकट पाहायला मिळतात, पण प्रत चांगली पाहून घ्यावी. त्या काळी कॅमेरा हाताने फिरवत, सेकंदाला साधारण सोळा ते वीस चित्रे घेत. पुढे बोलपटाच्या यंत्रावर ती सेकंदाला चोवीस या वेगाने दाखवली गेली म्हणून माणसे तुरुतुरु धावताना दिसतात. (काही वेळा गंमत म्हणून मुद्दामही हळू फिरवत, ती गोष्ट वेगळी.) नीट दुरुस्त केलेल्या प्रतीत चार्ली तुमच्या-आमच्यासारखाच चालतो. आणि फोनच्या एवढ्याशा पडद्यावर पाहू नये. हे नट डोक्यावरच्या टोपीपासून पायातल्या बुटापर्यंत बोलतात, म्हणून कॅमेरा लांब ठेवून सबंध माणूस दाखवतात. फोनवर बूट दिसत नाहीत. सोंगाड्याची तंगडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना पायाचे महत्त्व माहीत आहे. संगीत नंतर कोणीतरी जोडलेले असते, ते खुशाल बंद करावे.

आबांना आम्ही एकदा विचारले, वहीवर लिहून विचारले, की तुम्ही माशाला सगळ्यांच्या आधी कसे हसलात? ते म्हणाले, “अरे, खात्यात काय बोलणं ऐकू यायचं? मुकादम आला, चहा आला, सुट्टी झाली, सगळं पाठीवरूनच ओळखायचो. त्याच्या पाठीत उलटी नव्हतीच. उलटी करणाऱ्याचे गुडघे ढिले पडतात. ह्याचे ताठ होते.”

आम्ही तो प्रसंग पुन्हा लावून पाहिला. गुडघ्यांकडे आमचे लक्ष आधी कधी गेलेच नव्हते. स्पीकर दुरुस्त होऊन आला आहे, तो समाजमंदिराच्या कपाटात आहे. येत्या रविवारी चॅप्लिनचा ‘ईझी स्ट्रीट’ लावायचा आहे, आणि आबांनी पुढच्या रांगेतली खुर्ची सांगून ठेवली आहे.